शेवटच्या पाण्यातले कपडे

जालन्याच्या आडांचं पाणी जड आहे. हे सांगायला कुणी जाणकार लागत नाही. तुरीची डाळ दोन तास चुलीवर राहते आणि तरी दाताखाली येते. साबण झिजतो, फेस होत नाही. दोरीवरून काढताना कपडे पापडासारखे वाजतात. मग आपण सोडा वाढवतो, कपडा आणखी कडक होतो आणि दोष पुन्हा पाण्याला देतो.

मस्तगडातल्या लालचंद शेठजींच्या मारवाडी जैन घरीही दोष पाण्याचाच होता. सन १९५३ मधली ही गोष्ट. जुन्या जालन्यात शेठजींचं कापडाचं दुकान होतं. घरात शेठजी, त्यांच्या पत्नी जमनाबाई, थोरला मुलगा, त्याची बायको चंदनबाई, तिची दोन मुलं, धाकटी सून इचरजबाई आणि तिची अकरा महिन्यांची मुलगी पतासी. धाकटा मुलगा आदल्या वर्षीच्या चैत्रात विषमज्वराने गेला. पतासी तेव्हा चाळीस दिवसांची होती.

अंगणात धुण्याची दगडी डोण होती. आड चार घरांचा, म्हणून सकाळी डोण एकदाच भरायची. त्या पाण्यात सोडा टाकून चार पाळ्यांनी कपडे निघत. पहिली पाळी दुकानात जाणाऱ्या पुरुषांची, दुसरी मुलांची, तिसरी बायकांची. या तिन्ही पाळ्यांचे कपडे नंतर ताज्या पाण्यात खंगाळले जात. चौथी पाळी घरातल्या विधवेची. तिच्यासाठी डोणीत उरलेलं गढूळ पाणी असे, आणि खंगाळायला काही नसे. पिळायचं आणि मागच्या भिंतीवर टाकायचं. पूर्वी या पाळीत शेठजींच्या आत्या होत्या. त्या वारल्यावर सहा वर्षं चौथी पाळी रिकामी होती. चैत्रात ती भरली. आईबरोबर मुलीचे कपडेही त्यातच गेले. तसं कुणी ठरवलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

धुणं करायला गोजरबाई येई. ती मूळची भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची, शेतकऱ्याच्या घरातली. वय पन्नासच्या आसपास. दहा वर्षं त्या घरी काम करत होती. जमनाबाईंना ती शेठाणीबाई म्हणे, पण बोलताना दबत नसे.

माघातल्या एका सकाळी तिने मागच्या भिंतीवरून पतासीचा वाळलेला लंगोट काढला आणि ओट्यावर उभा ठेवला. तो उभा राहिला.

"शेठाणीबाई, हे बघा."

चंदनबाई हसली. "गोजरबाई, आता त्याला चालायला शिकवा."

"शिकवीन की. पोरीच्या आधी हाच चालंल."

जमनाबाई गव्हातले खडे वेचत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "सोडा कमी टाक म्हणून किती वेळा सांगितलं? मूठभर टाकतेस."

"सोड्याचं न्हाई, बाई. तीन पाळ्यांचा मळ अन् सोडा पिऊन बसलंय हे पाणी. त्यात बुचकळून तसंच पिळायचं, मंग दुसरं काय व्हणार? एक बालदी ताजं पाणी घेऊन खंगाळू का?"

"पाळीचं पाणी पाळीला. माझ्या सासूबाईंपासून असंच चाललंय. आड काय आपल्या एकट्याचा आहे?"

"मंग पोरीचं तरी वर घ्या. दुसऱ्या पाळीत."

"आईचं ते पोरीचं. बिलकुल डोकं खाऊ नको, गोजर."

इचरजबाई त्याच ओट्याच्या टोकाला बसली होती. तिच्यापुढेही गव्हाचं ताट होतं. आपल्याविषयी बोलणं चाललं आहे हे तिला कळत होतं. शेजारच्या गल्लीत कुणी भांडत असलं की जसं कळतं, तसं. घागऱ्याच्या कडक नेफ्याने तिच्या कमरेची कातडी दोन्ही बाजूंनी फाटली होती. पहिले काही दिवस ते झोंबलं. नंतर झोंबायचं थांबलं. सकाळ होई, ताट पुढे येई, ताट संपे. तिला काही वाटत नसे.

पतासी पायाशी गोधडीवर पडलेली असे. ती रडत नसे. येणारे जाणारे म्हणत, मोठी शहाणी पोर आहे. चंदनबाईचा धाकटा मुलगा थोडा किरकिरला तरी आई, आजी दोघी धावत. पतासीकडे धावायचं कारणच पडत नसे.

जमनाबाई दुष्ट नव्हत्या, हे इथे सांगायला हवं. भिकाऱ्याला त्या हाकलत नसत. चुलीत लाकूड घालताना किडामुंगी झटकून घेत. कच्चं पाणी त्या पीत नसत. पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव असतात, घोटाघोटाला हिंसा नको, म्हणून पहाटे मोठी हंडी भरून पाणी गाळायचं, उकळायचं आणि दिवसभर तेच प्यायचं. रात्री पाणी वर्ज्य. त्यामुळे दिवस मावळायच्या आत उरलेलं पाणी अंगणात पातळ शिंपडून टाकायचं. हा नेम त्यांनी बावीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

त्याच दिवशी संध्याकाळी गोजरबाई वाळत घातलेल्या रजया उचलायला परत आली. जमनाबाई हंडी तिरपी करून पाणी शिंपडत होत्या. गोजरबाईच्या हाताला चुलीची काजळी लागली होती.

"बाई, वाईच हातावर ओता."

जमनाबाईंनी ओतलं. गोजरबाईने ओट्यावरचा साबणाचा तुकडा हातात फिरवला आणि बघत राहिली. दोन्ही तळहात फेसाने भरले होते.

"अगं बाई! दहा वर्षांत ह्या घरात एवढा फेस न्हाई बघितला."

तिने हंडीत डोकावलं. बुडाला पांढरा थर बसला होता.

"हा बघा चुना. उकळलं की पाण्यातला जडपणा खाली बसून राह्यलाय. वरचं पाणी हलकं झालं. अन् तुम्ही ते रोज मातीला पाजताय. मला देत जा की, शेठाणीबाई."

"घे ना. टाकतेच मी. पण तुला कशाला?"

"पोरीचे लंगोट धुवायला."

जमनाबाईंचा हात थांबला. "ते नाही व्हायचं. हे नेमाचं पाणी आहे. चौथ्या पाळीच्या कपड्यांना ते लागायचं नाही."

"मातीत टाकलेलं चालतं?"

"मातीचं वेगळं."

"म्हणजे पोर मातीपेक्षाबी खाली हाय?"

"जबान संभाळ, गोजर!"

"संभाळते. पण एक सांगा. पाणी कशापायी उकळता?"

"जीवांसाठी. माहीत नाही तुला?"

"दिसतात का ते?"

"दिसत नाहीत. म्हणूनच जपायचं."

"बराबर हाय. दिसत न्हाईत त्यांच्यासाठी तुम्ही बावीस वर्षं पहाटे उठून राह्यल्या. मी काही शिकलेली बाई न्हाई. पण जो जीव डोळ्याला दिसून राह्यला, तुमच्या ओट्यावर पडून राह्यला, त्याच्यासाठी काय नेम हाय तुमचा? चैत्रापासून पोरीला एकदा तरी मांडीवर घेतलं का? आज घ्या. मंग मला कामावरून काढा, मी चालले जाईन."

रागाने जमनाबाईंचा चेहरा ताठला. गोजरबाईला गप्प करण्यासाठीच असेल, त्या ओट्यावर गेल्या, खाली बसल्या आणि पतासीला उचलून मांडीवर घेतलं. लंगोट सोडायला लागल्या. गाठ सुटली, कापड सुटेना. ते कातडीला चिकटलं होतं.

"ओढू नका," गोजरबाई म्हणाली आणि हंडीतलं पाणी हळूहळू त्यावर सोडत राहिली. नेमाचं पाणी. जमनाबाईंनी अडवलं नाही.

कापड निघालं. मांड्यांच्या सांध्यांत आणि कमरेभोवती लाल पट्टे होते. काही सुकलेले, काही ओले. दोन ठिकाणी रक्त आलं. पतासीने आजीकडे पाहिलं. तोंड उघडलं नाही.

"ही रडत का नाही?" जमनाबाईंनी विचारलं.

"रडली व्हती, बाई. वैशाखात, ज्येष्ठात लई रडली. कुणी आलं न्हाई. मंग कशाला रडंल?"

पाणी गाळायला चारपदरी फडकं धरणारे हात! सूक्ष्मातला सूक्ष्म जीव दुखावू नये म्हणून बावीस वर्षं जपलेला नेम! आणि त्याच हातांनी नातीला चैत्रापासून एकदाही उलटून पाहिलं नव्हतं!

जमनाबाईंनी इचरजबाईला हाक मारली. ती आली आणि समोर उभी राहिली.

"बिंदणी," सुनेला त्या मारवाडीत हाक मारत तसं म्हणाल्या, "हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

इचरजबाईने थोडा विचार केला. "काय बोलायचं होतं?" तिने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं.

जमनाबाईंनी तिच्या ओढणीचं टोक बाजूला केलं, नेफा जरा खाली ओढला आणि पाहिलं. मग नेफा होता तिथे सोडताना त्यांनी तो दोन बोटांनी कातडीपासून दूर धरला. त्यांचे डोळे भरून आले. "मी बघितलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "रोज समोर बसत होतीस."

दुसऱ्या दिवशी डोण भरण्याआधी जमनाबाई अंगणात आल्या.

"गोजर, पोरीचे कपडे आधी. मग इचरजचे. मग बाकी."

लालचंद शेठजी दातण करत होते. त्यांनी दातण तोंडातून काढलं. "आणि माझं धोतर?"

"तिसऱ्या पाळीला."

"दुकानदार माणूस मी. विधवा सुनेच्या कपड्यांमागून माझे कपडे? लोक काय म्हणतील?"

"लोक दुकानात तुमचं धोतर बघतात. डोण मी बघते. अन् गोजर म्हणते, नव्या रीतीने धोतरही मऊ निघेल."

"मऊ धोतर घालून गादीवर बसू?"

"घसरून पडला नाहीत म्हणजे झालं," जमनाबाई म्हणाल्या. चंदनबाईने तोंडाला पदर लावला. शेठजी पुन्हा दातणाकडे वळले.

नवी रीत अशी होती. आदल्या संध्याकाळचं उकळलेलं पाणी अंगणात शिंपडण्याऐवजी हंडीतून वरच्यावर ओतून घ्यायचं, बुडचा थर हलू द्यायचा नाही. पाच-सहा रिठे फोडून, बी काढून, त्यात रात्रभर भिजवायचे. सकाळी कुस्करून गाळायचे आणि त्यात लहान मुलाचे व दुखऱ्या अंगाचे कपडे धुवायचे. सोडा नाही. मोठ्या धुण्याला सोडा घातला तर निम्माच. लोणच्यासाठी रस काढलेल्या लिंबांच्या साली फेकायच्या नाहीत. त्या उकळून ते पाणी गाळून ठेवायचं, आणि शेवटच्या खंगाळण्याच्या बालदीत तांब्याभर टाकायचं. आंबटपणाने कापडात राहिलेला चुना आणि साबण सुटतो. कपडा पिळून दोनदा झटकायचा, सावलीच्या वाऱ्यावर वाळवायचा आणि थोडा दमट असतानाच हातांनी चोळायचा. रिठा परसातल्या झाडाचा, साली टाकाऊ, पाणी टाकाऊ. विकत काही आणावं लागलं नाही. उलट साबण वाचला.

म्हणजे इतके महिने जे झालं ते काही खर्चाच्या अडचणीने झालं नव्हतं.

त्या घरात सगळं बदललं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. इचरजबाई पुढेही पंगतीत शेवटी जेवत राहिली. सणाला ती आतल्या खोलीतच असे. पण डोणीची चौथी पाळी मोडली ती मोडलीच. धोतरं, घागरे, लंगोट सगळे एकाच दोरीवर वाळू लागले. पतासीचे पट्टे आठवड्यात सुकले.

चौथ्या दिवशी जमनाबाई इचरजबाईच्या कमरेला खोबरेल लावत होत्या. इचरजबाई एकदम आखडली.

"दुखतंय," ती म्हणाली.

चैत्रापासून स्वतःविषयी तिने काढलेला तो पहिला शब्द. जमनाबाईंनी हात मागे घेतला, फुंकर घातली आणि विचारलं, "कुठं? इथं?"

"इथं. आणि इथंही." मग ती रडली. बराच वेळ. जमनाबाई तेलाची वाटी हातात धरून बसून राहिल्या.

फाल्गुनात समोरच्या घरच्या सगुणाबाई आल्या. त्यांना लालचंद शेठजींच्या घरचे कपडे मऊ कसे निघतात ते विचारायचं होतं. जमनाबाईंनी हंडी दाखवली, रिठे दाखवले, सालींचं पाणी हातावर घालून दाखवलं. सगुणाबाईंनी सगळं दोनदा विचारून घेतलं आणि उठल्या.

"एवढंच ना?"

"एक राहिलं," जमनाबाई म्हणाल्या. "तुमच्या घरी शेवटच्या पाण्यात कुणाचे कपडे असतात?"

पदर सावरून सगुणाबाई उंबऱ्याशी थोड्या थांबल्या आणि गेल्या.

वाचकहो, पाणी जड असलं तर उकळून हलकं करता येतं. रूढीचा जडपणा मात्र आपल्याला जडपणा म्हणून जाणवतच नाही, कारण तो दुसऱ्याच्या अंगावर वाळतो. ज्याच्या अंगावर तो वाळतो ते माणूस काही दिवस रडतं, मग गप्प होतं, आणि त्या गप्प बसण्याला आपण शहाणपण म्हणतो. दया दूर कुठे करायची असेल तर जरूर करावी. पण तिची सुरुवात आपल्याच अंगणातून व्हायला हवी. आपल्या घरात शेवटचं पाणी कुणाच्या वाट्याला येतं, हे आज धुणं काढण्याआधी प्रत्येकाने बघावं. आणि ते माणूस कधीच तक्रार करत नसेल, तर आधी त्याच्याकडेच जावं.