दुहेरी खाच

"विहीणबाई, जपून! इथले दगड पायाखालून निसटतात," ग्रेका म्हणाली खरी, पण अडखळत होती ती स्वतःच. जारा पठाराच्या पायथ्याशी सगळा जन्म गेला आणि वर ही बाई चढत होती लहानपणानंतर आज पहिल्यांदा. का, ते आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. दूरच्या तोरीनो शहरातून आलेल्या ओर्नेल्लाबाईंना तेवढं ठाऊक नव्हतं. निदान रविवारी लेकीचं, मिरेल्लाचं, लग्न लागेपर्यंत त्यांच्या कानावर ते जाऊ नये, एवढंच ग्रेकाला हवं होतं.

ओर्नेल्लाबाईंना रानातले घोडे बघायचे होते आणि मिरेल्लाला शिंप्याकडे जायचं होतं. "आई, तूच ने ना. वर कोण खातंय तुला?" म्हणे. आता पोरीला काय सांगणार, कप्पाळ!

पूर्वी जारावरचे घोडे मोकळे चरायचे, पण बेवारशी नसायचे. शिंगरू ज्या घोडीला पितंय तिच्या मालकाचं, असा नियम होता. मालक त्याच्या कानाला आपली खूण कापायचा. ग्रेकाच्या बापाने, आंतिओगुने, एका शिंगराला आपली दुहेरी खाच कापली आणि गावातल्याच झेद्दा घराण्याने कपाळावरच्या डागावरून ते आपलं म्हणून ओळखलं. झालं! त्या दिवसापासून आंतिओगु चोर ठरला, कानकाप्या झाला. तो मेला, पण ते नाव राहिलं. शाळेत ग्रेका दिसली की मेली कार्टी दोन्ही हातांनी कान झाकायची.

वर पोचल्यावर तळ्याचं पाणी पांढऱ्या फुलांनी भरलेलं दिसलं. बुटके काळे घोडे पोटापर्यंत पाण्यात उभे राहून शेवाळ खात होते. ओर्नेल्लाबाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या. ग्रेकाला मात्र झाडाखाली काठी धरून बसलेला म्हातारा दिसला आणि ती विहीणबाईंच्या मागे सरकली. तो प्रिआमु झेद्दा होता.

"कोण ते?" म्हाताऱ्याने विचारलं. त्याला आता फारसं दिसत नव्हतं. "कुणाची गं तू?"

आमच्याकडे नाव कुणी विचारत नाही, हेच विचारतात.

"ऑर्रूंची," ग्रेका म्हणाली.

"ती सासरची. बाप कोण?"

ओर्नेल्लाबाई हसत बघत होत्या. ग्रेकाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "तुम्ही नाही ओळखायचे, काका. पलीकडच्या गावचा आहे."

"मग राहिलं." म्हातारा हिरमुसला. "आवाजावरून वाटलं, आंतिओगुची पोर. त्या घरचं कुणी वर फिरकत नाही, आणि त्यांच्या दारात जायला मला तोंड नाही."

"का हो?" ओर्नेल्लाबाईंनी विचारलं. चौकस बाई!

"आमची घोडी इथंच चिखलात रुतून मेली होती, बाई. शिंगरू उपाशी. ते आंतिओगुच्या घोडीला लागलं आणि तिनंही घेतलं. त्यानं नियमानं खूण केली, त्याचं काय चुकलं? उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा घोडीचा सांगाडा दिसला आम्हाला. पण तोवर त्याला चोर म्हणून बसलो होतो ना! बाप म्हणाला, गप बस, गावात शोभा होईल. मी बसलो गप. बाप गेला, आंतिओगुही गेला, तरी माझी जीभ उचलेना."

काका, मीच ती, हे शब्द ग्रेकाच्या ओठांपर्यंत आले. पण आत्ताच, या बाईसमोर, तिने बाप नाकारला होता. चोर म्हणून नाकारला होता, आणि तो चोर नव्हताच. तिला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. काहीतरी करायचं म्हणून तिने पिशवीतून पाव काढला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला.

"घ्या काका. सकाळीच भाजलाय."

म्हाताऱ्याने पाव फिरवला. त्याचा अंगठा कडेवर थांबला, मागे गेला, पुन्हा तिथेच आला. तिथे कात्रीने मारलेली दुहेरी खाच होती. गावच्या भट्टीत आपला पाव ओळखू यावा म्हणून तिची आई मारायची. ग्रेकाच्या हाताला ती सवयच लागली होती.

"कुणी भाजला?"

"मीच."

म्हाताऱ्याने टोपी काढली. आमच्याकडे टोपी उतरते ती मान देताना, नाहीतर माफी मागताना. पाव असा मोडला की खाच अखंड राहील. तो तुकडा त्याने ग्रेकाच्या तळहातावर ठेवला आणि उरलेला स्वतःच्या खिशात घातला. वाटेवरून त्याच्या मुलाच्या जीपचा हॉर्न वाजला.

"आंतिओगुच्या घरचं कुणी भेटलं तर सांगशील?" तो उठत म्हणाला. "म्हणावं, प्रिआमु टोपी काढून बोलला."

"सांगेन," ग्रेका म्हणाली.

तो काठी टेकत गेला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. ओर्नेल्लाबाई जवळ आल्या आणि तिच्या हातातल्या तुकड्याकडे बघून म्हणाल्या, "किती छान नक्षी आहे! ही कसली हो?"

"माझ्या बापाची खूण आहे ती! आंतिओगुची!"

हे ती इतक्या मोठ्याने म्हणाली की ओर्नेल्लाबाई दचकल्या. पण जीप तोवर झाडांपलीकडे गेली होती. पाण्यातल्या एका शिंगराने तेवढी मान वर केली. त्याच्या कानांवर कुणाचीच खूण नव्हती.