अर्धी ऐकलेली हाक

मित्रांनो, सुरुवात करण्याआधी ते दार जरा लोटून घ्या. जिन्याखालच्या या कपाटात माझ्या शेजारी एक व्हॅक्युम क्लीनर राहतो आणि जे दिसेल ते पोटात घालायची त्याला सवय आहे. आत्ता तो बाहेर पॅसेजमध्ये आहे, आणि त्याच्यासमोर मी मनातलं काही बोलत नाही. लोटलंत? बरं. मी एक जुना बेबी मॉनिटर आहे.

माझे दोन डबे आहेत. एक डबा म्हणजे माझा कान. तो मुलांजवळ राहायचा. दुसरा डबा म्हणजे माझं तोंड. ते आईजवळ असायचं. दिसायचं मला सगळं, पण पुढे पाठवता यायचा तो फक्त आवाज. तोंडावर पाच बारीक दिवे आहेत. कुजबुज असली तर एक हिरवा दिवा, आवाज वाढला की नारिंगी, आणि मूल रडायला लागलं की लाल. आईने उलट काही विचारलं, तर ते मुलांपर्यंत नेण्याची सोय मात्र माझ्यात नाही. यात काही उणं आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला, पण मला चिनी येत नाही. हसू नका. इंग्लंडात वाढलेल्या कितीतरी मुलांना तरी कुठे धड मराठी येतं? मला खोक्यात भरलं तेव्हा माझं वय दोन दिवसांचं होतं. पहिल्या घरी मी दोन वर्षं राबलो. मग एके दिवशी त्यांनी मला बर्मिंगहॅमच्या एका चॅरिटी शॉपमध्ये, कान तुटलेल्या जिराफाशेजारी नेऊन ठेवलं. का, ते कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून मी माणसांवर पटकन विश्वास ठेवत नाही.

तिथून मला धम्मशीलाने उचललं. ती मूळची नागपूरची, रेल्वेचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर. तिचा नवरा इंद्रजित ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर. तो सोमवारी जायचा तो शुक्रवारी संध्याकाळी यायचा. त्यामुळे आठवडाभर घरात धम्मशीला, तान्ही अन्वी आणि मी. अन्वीची साधी शिंकही मी सोडली नाही. रेडिएटर गुरगुरला, दिवा लावला. शेजारच्या मांजराने कुंपणावरून उडी मारली, दिवा लावला. "सेकंडहँड आहे गं, पण एकदम सॉलिड," धम्मशीला फोनवर मैत्रिणींना सांगायची. "याच्या नजरेतून काही सुटत नाही." मी संशयी होतो आणि संशयी असण्याबद्दल माझं कौतुक होत होतं. याहून चांगले दिवस कोणते?

अन्वी तीन वर्षांची झाली, मिहीर रांगायला लागला आणि धम्मशीलाची रजा संपली. मंगळवारी आणि गुरुवारी ती वरच्या छोट्या खोलीत बसून काम करायची, बाकीचे दिवस ऑफिसात. तिच्या कंपनीचं चीनमधल्या एका कारखान्याबरोबर काम चालायचं आणि दर मीटिंगला मध्ये एक दुभाष्या असायचा. समोरचा माणूस पाच मिनिटं तावातावाने बोलायचा आणि दुभाष्या सांगायचा, "ही सेज ओके." धम्मशीला वैतागायची. "मधल्या माणसात अर्धं गळून जातं," ती म्हणायची. "माझी मुलं मराठी बोलतील आणि मँडरिनही बोलतील. डायरेक्ट."

म्हणून आमच्याकडे लिनबाई आल्या. दोन घरं सोडून आपल्या लेकाकडे राहायच्या. चीनमध्ये त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी दाराशी बूट काढले, बैठकीच्या खोलीतल्या बुद्धमूर्तीपुढे हात जोडले आणि मगच सोफ्यावर टेकल्या. धम्मशीलाला त्या तिथेच पटल्या. मला नाही पटल्या. इतकी नम्र माणसं मी चॅरिटी शॉपमध्ये पुष्कळ पाहिली आहेत. वस्तू हातात घेऊन गोड हसतात आणि परत ठेवून जातात. ठरलं असं, की लिनबाई मुलांशी फक्त मँडरिन बोलणार. धम्मशीला त्यांना "मिसेस लिन" म्हणायची आणि घरी आली की लिनबाई लगेच कोट चढवून निघायच्या. मुलं त्यांना काय म्हणतात, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

लिनबाई शिकवताना हात हवेत फिरवायच्या. एखादा शब्द बोलताना हात सरळ रेषेत न्यायच्या, एखाद्याला वर चढवायच्या. अन्वी त्यांच्यासारखाच हात फिरवायची. मला ते जादूटोण्यासारखं वाटायचं. पण मी हात कसा पाठवणार? मी फक्त आवाज पाठवत राहिलो.

आणि मग तो मंगळवार उजाडला. सकाळचे अकरा वाजले असतील. धम्मशीला मीटिंगमध्ये होती. मिहीर सोफ्याला धरून उभा राहिला आणि आयुष्यातला पहिला शब्द बोलला. मी तो शब्द ऐकला आणि जसाच्या तसा वर पोचवला. निदान मला तसं वाटलं.

"आई!"

धम्मशीलाने मीटिंग म्यूट केली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत धावत आली. आनंदाने तिचा चेहरा फुलला होता. दारात पोचली तर मिहीरची पाठ तिच्याकडे. त्याने दोन्ही हात लिनबाईंकडे पसरले होते. तो पुन्हा तेच बोलला आणि लिनबाईंनी "एऽऽ" म्हणून ओ दिली.

"ही टॉक!" लिनबाई आनंदाने टाळ्या वाजवत म्हणाल्या. "फर्स्ट वर्ड!"

"येस," धम्मशीला म्हणाली. "व्हेरी नाइस." आणि जिना चढून वर गेली. चढताना ती एकेक पायरी चढत होती.

मित्रांनो, त्या दिवसापासून ती दुसरं काही ऐकेना. मीटिंग चालू असली तरी तिचा एक डोळा माझ्या दिव्यांवर. खाली अन्वीला पाणी हवं असलं की हाक यायची, "आई!" बुटाची नाडी सुटली, "आई!" आणि प्रत्येक हाकेला लिनबाईंची ओ. धम्मशीलाचं तोंड एवढंसं व्हायचं. मला वाईट वाटायचं, पण खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही व्हायचा. मी म्हणालोच होतो की ही बाई दिसते तशी नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी धम्मशीलाने नागपूरला आपल्या आईला, गयाबाईंना, व्हिडिओ कॉल लावला.

"मुलं तिला आई म्हणतात," ती म्हणाली. "मिहीरचा फर्स्ट वर्ड तिच्यासाठी होता, आई. माझ्यासाठी नाही."

"अशी रडून नको राहू," गयाबाई म्हणाल्या. "तीस वर्षं अंगणवाडीत लोकाईची लेकरं सांभाळली मी. अर्धी लेकरं मले आई म्हणत. त्याइच्या माया दिवसभर वावरात कामाले राहत. लेकरू काही मायले विसरत नाही."

"तू समजत नाहीयेस. तिने शिकवलंय त्यांना."

"तिले विचारलं का तू? विचारून तर पाय."

धम्मशीलाने विषय बदलून फोन ठेवला. मलाही ते बोलणं आवडलं नाही. ही म्हातारी फारच लवकर विश्वास ठेवते, असं मी मनात म्हटलं.

त्यातच धम्मशीलाच्या साहेबांनी तिला प्रमुख इंजिनीअरची जागा देऊ केली. पाचही दिवस ऑफिस, मोठी जबाबदारी. तिने ब्रेकच्या त्या कामात आठ वर्षं घातली होती. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. बुधवारी तिने उत्तर लिहिलं: घरच्या कारणामुळे जमणार नाही, उलट कामाचे तासच कमी करून मिळावेत. पाठवलं नाही, पण लिहून ठेवलं. लिनबाईंना सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगायचं आणि मुलांना स्वतः सांभाळायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. फक्त सांगण्यापूर्वी तिला एकदा खात्री करून घ्यायची होती.

गुरुवारी लिनबाई येण्याआधी तिने माझा कान शेल्फवरून उचलला आणि बुद्धमूर्तीच्या मागे ठेवला. ठेवताना तिचा हात थबकला. पण ठेवला. मला वाटलं, बढती मिळाली. इतके दिवस मी राखणदार होतो, आता हेर झालो.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बॅटरी संपत आली की दर मिनिटाला "टीं" करायची मला खोड आहे आणि ते माझ्या हातात नाही. दहाच्या सुमारास मी पहिला टीं केला.

अन्वी चित्र काढायची थांबली. दुसऱ्या टींला ती उठून उभी राहिली. "बुद्ध बोलला!" ती ओरडली.

लिनबाई हसत उठल्या, त्यांनी मूर्तीमागे पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी मला हातात घेतलं. माझी बॅटरी संपली होती, त्यामुळे वर माझा एकही दिवा लागला नव्हता. मला वाटलं, आता ही मला आपटणार. त्यांनी काय केलं सांगू? त्यांनी टीव्हीच्या रिमोटमधल्या बॅटऱ्या काढल्या आणि माझ्यात घातल्या. पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीने माझ्यावरची धूळ पुसली. मला शेल्फवर, सगळ्यांना दिसेल असं पुढे ठेवलं आणि माझ्याजवळ तोंड आणून हळू आवाजात म्हणाल्या, "धम्मशीला. न्यू बॅटरी. नाउ यू हिअर गुड." मग थोडं थांबून, "टुमॉरो, आय फिनिश."

एवढा हळू आवाज, पण वर माझे पाचही दिवे लाल झाले.

धम्मशीला खाली आली. तिला शरमही वाटत होती आणि रागही आला होता. "आय ॲम सॉरी," ती इंग्रजीत म्हणाली, "पण तुम्ही मुलांना हे का शिकवलंत? आमच्या भाषेत आई म्हणजे मदर. त्यांची आई मी आहे, मिसेस लिन. मी आहे."

"मदर?" लिनबाई गोंधळल्या. "नो, नो. मदर इज मामा. आय टीच, यू आर मामा."

"मग ते तुम्हाला आई म्हणून का हाक मारतात?"

दोघींच्या मध्ये अन्वी होती. तिला मोठ्यांच्या अडाणीपणाचं नवल वाटत होतं.

"नाही गं आई! तू आई. ही आयी."

"तेच म्हणतेय ना मी, आई."

"नाऽही! आयी म्हणजे मावशी. शशी मावशी असतो ना नागपूरला, तशी. लिन आयी." अन्वीने हात वर धरला, सरळ पुढे नेला आणि टोकाला वर चढवला, अगदी लिनबाई शिकवायच्या तसा. "आयी वर जाते." मग तिने हात अलगद खाली आणून स्वतःच्या मांडीवर ठेवला. "आई खाली येते. तू वर बसतो ना काम करायला? मग तू खाली येतो. रोज येतो."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की मी काय करून बसलो होतो. माझं तोंड पाच पैशाच्या नाण्याएवढं. वर चढणारे सूर त्यातून मावतच नाहीत, सगळे चेपून सपाट होऊन बाहेर पडतात. लेकरं मावशीला हाक मारत होती आणि मी इतके दिवस एका आईला सांगत होतो की तुझी जागा गेली. त्या दिवशी दारात उभं राहून तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, तरी तिला तेच ऐकू आलं, कारण मी आधीच तिचे कान भरून ठेवले होते. ज्या दुभाष्याला ती नावं ठेवायची, तो मी घरातच बसलो होतो.

धम्मशीला खाली गालिच्यावर बसली आणि रडली. मिहीर रांगत येऊन तिच्या मांडीवर चढला. लिनबाई मात्र लगेच विरघळल्या नाहीत. त्यांनी मूर्तीकडे बोट दाखवलं. "बुद्ध. बिहाइंड. नॉट गुड."

"नॉट गुड," धम्मशीला म्हणाली. तिने डोळे पुसले, लिनबाईंकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मिसेस म्हटलं नाही. "लिन... आई."

"वर!" अन्वी ओरडली. "आई, वर जा ना!"

धम्मशीलाने पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा लिनबाईंनीच तिचा हात धरला, सरळ नेला आणि टोकाला वर चढवला. "आयी," धम्मशीला म्हणाली. लिनबाईंना हसू आवरेना. "टुमॉरो, आय कम," त्या म्हणाल्या. "मंडे ऑल्सो."

त्याच दुपारी धम्मशीलाने लिहून ठेवलेलं उत्तर खोडलं आणि मंगळवारी-गुरुवारी घरूनच काम करेन एवढी अट घालून साहेबांना होकार कळवला. गयाबाईंना फोन केला तेव्हा पहिलं वाक्य, "विचारलं मी तिला," असं होतं. अन्वीने विचारायला भाग पाडलं, हे तिने सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

माझ्यावर कुणी रागावलं नाही. त्याचंच जास्त लागलं. शुक्रवारी इंद्रजित आला, टीव्ही लावायला रिमोट शोधू लागला, तेव्हा माझ्यातल्या बॅटऱ्या परत रिमोटमध्ये गेल्या आणि मी या कपाटात आलो. आता धूळ बसते. व्हॅक्युम क्लीनर शेजारी असून धूळ बसते, यावरून काय ते समजा.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल तर त्याला अधूनमधून पुसा, टाकून देऊ नका. पण कुणाबद्दल वाईट ऐकायचं असेल, तर ते आमच्या तोंडून ऐकू नका. आम्ही प्रामाणिक असतो, पण आमचं तोंड लहान असतं. चार पायऱ्या उतरा आणि त्या माणसालाच विचारा. मी स्वतः आज या शेजाऱ्याला विचारणार आहे, माझं बोलणं ऐकत होतास का म्हणून.

थांबा, हाक आली. मिहीर आता चालतो. जिन्याच्या तळाशी, माझ्या कपाटाला टेकून उभा राहतो आणि हाक मारतो. सूर वर गेला की खाली आला, ते मला अजून कळत नाही. स्वयंपाकघरातून लिनबाईंनी डोकं बाहेर काढलं असणार. पाण्याचा नळ बंद झाला. पण आज गुरुवार आहे, पाच वाजले आहेत. माझ्या डोक्यावरची पायरी वाजली. मग दुसरी. आई खाली येते आहे.