आधी तुझे दात

बाईंनी तोंड मिटलं ते मिटलंच.

संध्याकाळची वेळ होती. ताई पलंगाच्या कडेला बसली होती. एका हातात लहान मुलांचा मऊ ब्रश, मांडीवर टॉवेल, शेजारच्या स्टुलावर पाण्याचा वाडगा. "आई, आ कर. आऽऽ" म्हणत तिनं नेहमीसारखा आपलाच आ वासला. भरवणाऱ्या सगळ्यांचं असंच होतं, घास दुसऱ्याच्या तोंडात जायचा असतो आणि तोंड आपलं उघडतं. बाईंनी वर जळणाऱ्या ट्यूबलाइटच्या उजेडात लेकीच्या तोंडात नीट पाहिलं आणि ओठ आतून कडी घातल्यासारखे आवळले.

बाई म्हणजे ताईची आई. निम्मं आयुष्य त्यांनी याच दोन खोल्यांत पाळणाघर चालवलं, म्हणून अख्ख्या गल्लीच्या त्या बाई झाल्या, आणि त्यांची लेक, पोरांच्या तोंडी बसली तशी, सगळ्यांची ताई. मागच्या थंडीत बाईंना झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. उरलं काय, तर डावा हात, डोळे आणि स्वभाव. स्वभावाला औषध नसतं म्हणतात. त्याला झटकाही बसत नाही, हे ताईला आता कळत होतं.

"अगं, काल तर शहाण्यासारखं उघडलं होतंस. आज काय झालं?"

बाई भिंतीकडे बघत राहिल्या.

हट्ट साधा असता तर ताईनं चालवून घेतला असता. पण दर आठवड्याला येणाऱ्या नर्सनं बजावलं होतं, "यांना गिळताना ठसका लागतो. तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत उतरते. मागचा न्यूमोनिया निभावला, दुसरा निभायचा नाही. एक वेळ अंघोळ राहिली तरी चालेल, पण तोंड स्वच्छ पाहिजे. मागच्या दाढांसकट." तेव्हापासून ताईनं तो नेम पाळला होता. अंगात ताप असो, पाय सुजलेले असोत, बाईंचे दात घासल्याशिवाय ती पाठ टेकत नव्हती.

स्वतःचे मात्र ती कधी घासत होती, ते विचारू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिचा ब्रशही तसाच कोरडा, बेसिनवरच्या पेल्यात उभा होता आणि त्याच्या केसांत धूळ बसली होती.

ती हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत कामाला होती. तापलेल्या रोलरमध्ये ओल्या चादरी सरकवायच्या. दोन्ही कोपरे धरा, ताणा, सोडा, पुढची उचला. दिवसभर उभं राहून हेच. सकाळी बाईंचं सगळं आवरून, शेजारच्या काकूंना बसवून धावत निघायचं. संध्याकाळी काकूंना मोकळं करायचं, स्वयंपाक, औषधं, बाईंना भरवणं, दात, आणि मग ताई पलंगालगत खाली घातलेल्या गादीवर कोसळायची. "दात घासायला दोन मिनिटं तर लागतात," असं म्हणणारे लोक त्या दोन मिनिटांच्या आधीचं काहीच धरत नाहीत. गादीवरून उठायचं असतं. दिवा लावायचा असतो. बेसिनपर्यंत स्वतःला न्यायचं असतं आणि तिथे उभं ठेवायचं असतं. ताई रोज म्हणायची, उद्यापासून. तिला स्वतःची लाज वाटायची, पण लाजेनं माणूस उठतं थोडंच?

हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा तिनं डाव्या बाजूनं चावायला सुरुवात केली. दाढ ठणकायला लागली, तेव्हा गोळी घेतली. आणि एक दिवस लॉन्ड्रीत डबा खाताना उजव्या दाढेचा तुकडाच पडून हातात आला. तिनं तो कागदात गुंडाळून टाकून दिला. संध्याकाळी घरी येऊन "आई, आ कर" म्हणून आपला जबडा नेहमीसारखा उघडला. बाईंनी तोंड मिटलं, ते त्या दिवशी. पण तिला कुठे त्याची सांगड घालता आली!

पुढचे काही दिवस तिनं दाताच्या कण्या केल्या. गोंजारलं, गाणी म्हटली, रागावली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या शहरातल्या दादाला फोन केला, तर तो म्हणाला, "तू जरा प्रेमानं सांगून बघ." प्रेम फोनवरून भरपूर करता येतं, तसं तो करत होता. नर्स म्हणाली, "मेंदूच्या पेशंटचं होतं असं. पण घासायला तर हवेतच. रात्रीचा खोकला मला आवडत नाही."

खोकला ताईलाही ऐकू येत होताच.

शेवटी एका संध्याकाळी तिचा तोल सुटला. तिनं बाईंचा जबडा धरला आणि ब्रश ओठांतून आत घुसवला. बाईंनी मान झटकली. ओठ फुटला, हनुवटीवर रक्ताचा बारीक ओघळ आला.

ताईच्या हातातला ब्रश पांघरुणावर गळून पडला. "काय करू गं मी? मरायचंय का तुला? सांग ना, काय करू!" ती खाली गादीवर बसून हुंदके द्यायला लागली. जिच्या अंगावर कधी आईनं हात उगारला नव्हता, तिनं त्याच आईचं तोंड फोडलं होतं.

तेव्हा बाईंचा डावा हात पांघरुणावरून सरपटत आला. पडलेला ब्रश त्यानं चाचपून उचलला आणि ताईच्या ओठांवर टेकवला. एकदा. पुन्हा एकदा. मग बाईंनी स्वतःच्या फुटलेल्या ओठांवर बोट ठेवलं आणि मान भिंतीकडे वळवली.

हे बोट ताईनं हजारदा पाहिलं होतं. दुपारच्या जेवणानंतर पाळणाघरातली पोरं छोटे ब्रश घेऊन रांगेत बसायची. एखादं पोर अडून बसलं, तर बाई ओरडत नसत. ओठांवर बोट ठेवून पाठ फिरवत. 'आधी तुझे दात, मग माझं तोंड.' शेवटच्या पोराचे दात घासून होईपर्यंत बाई शब्द बोलत नसत, आणि गोष्ट ऐकायला हपापलेली बाकीची पोरं त्या एकाला सळो की पळो करत. कितीही हट्टी पोर असो, बाई कधी हरल्या नाहीत.

आता त्यांच्याकडे गोष्ट नव्हती, आवाज नव्हता. मिटायला तोंड तेवढं होतं. त्यांनी तेच पणाला लावलं होतं.

"आई, माझ्यासाठी?" ताई म्हणाली. "वेडी आहेस का तू!"

बाईंनी ओठांवरचं बोट काढलं नाही.

ताई उठली. धुळीनं भरलेला ब्रश धुतला, पलंगापाशी आणून बाईंच्या देखत दात घासले, लालभडक फेस वाडग्यात थुंकला. मग "आ" म्हणायचीही गरज पडली नाही.

तीन-चार दिवस झकास गेले. ताईनं आपला ब्रश आणि पेस्ट बेसिनवरून हलवून स्टुलावरच्या पेल्यात आणून ठेवली. उठायला नको, चालायला नको. बसल्या जागी आधी आपले, मग आईचे. खोकलाही कमी वाटला. तिनं दादाला फोनवर हसत सगळं सांगितलं, आणि हसताना तोंडावर हात धरायला विसरली.

मग लॉन्ड्रीतली एक सोबतीण कामावर यायची थांबली आणि तिचा रोलरही ताईच्या गळ्यात पडला.

त्या संध्याकाळी तिनं बाईंना कसंबसं भरवलं आणि आडवी झाली. आईचे दात घासायचे तर आधी आपले घासायला हवेत, हे तिला पडल्यापडल्या आठवत होतं. हात उचलेना. तिनं बोटानं थोडी पेस्ट ओठांना लावली आणि म्हणाली, "झाले माझे." लहानपणीही ती हीच लबाडी करायची, आणि लहानपणीही पकडली जायची. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"नाही जमत गं. खरंच नाही जमत. माझे जाऊ देत, एकदाच. तू उघड ना."

स्टुलावरचा पेला खडखडला. बाईंच्या डाव्या हातात ताईचा ब्रश होता. तो हात पलंगाच्या कडेवरून चाचपडत खाली आला. ब्रश आधी नाकाला लागला, मग गालाला. ताईनं तोंड उघडलं. बाईंनी लेकीचे दात घासले. वरचे खाली, खालचे वर, पोरांना शिकवायच्या तसे. पुढचे सहा-आठ झाले असतील, तोवर हात दमला आणि ब्रश गादीवर पडला.

ताई कशीबशी उठून बसली. मऊ ब्रश घेतला. बाईंनी तोंड उघडलं. पुढचे दात झाले. ब्रश मागे वळवला, तसं तोंड मिटलं.

"आई, दाढा राहिल्यात."

बाईंनी ताईच्या उजव्या गालावर बोट टेकवलं, जिथे आत तुटकी दाढ होती. जेवढे तुझे, तेवढेच माझे.

ताईला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. पलंगावर बाई खोकल्या. खोकला ओला होता.

तिचा ब्रश गादीवरच होता. पाणी शेजारी होतं. फक्त हात उचलायचा होता. ताई त्या ब्रशकडे बघत बसली.

"थांब हं आई," ती म्हणाली. "घासते. जरा थांब."

बाई तोंड मिटून वाट बघत राहिल्या.