बहिणीच्या लेकीचे मार्क

रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला सेमिसी मास्तरांना डोळे मिटवेनात. मिटले की ओफा दिसे, पलीकडच्या बेटावरून होडीने शाळेत येणारी. समुद्र खवळला म्हणून तिचा निबंध एक दिवस उशिरा आला आणि मास्तरांनी नियमावर बोट ठेवून दहा मार्क कापले. त्याच दिवशी त्यांची भाची लोसालिने हिनेही निबंध उशिराच दिला. तिचे मात्र कापले नाहीत. टोंगाच्या बेटांवर बहिणीच्या मुलांचा मामाच्या घरादारावर हक्क. भाचीने मागावं आणि मामाने नाही म्हणावं, असं होत नाही. इथे तर तिने मागितलंही नव्हतं. मास्तरांचा हात आपसूक थांबला होता.

आता भाची पहिली, ओफा दुसरी. राजधानीच्या शाळेत जागा एकच. दोघींचे कापा की दोघींचे सोडा, ओफाच पुढे जात होती.

दुपारी ताट सारून ते थोरल्या बहिणीकडे, मेलिआमेकडे गेले. वयात आल्यावर भावाबहिणीने एका खोलीत बसायचं नाही, म्हणून बाहेर पायरीवरच टेकले. आज मास्तर वाट चुकले वाटतं, असं तिने आतून विचारलं. मास्तरांनी रस्त्याकडे तोंड करून सगळं सांगितलं. लोसालिनेचे मार्क कापावे लागतील, हेही.



"तुझी डुकरं मी हक्काने नेली, चटया नेल्या," मेलिआमे म्हणाली. "मार्क कधी मागितले रे? ते काय तुझ्या परसात उगवले होते?"

"नाही, ताई."

"मग माझ्या पोरीला कुणाचं उचलून दिलंस?"

आत लोसालिने रडत होती.

सोमवारी त्यांनी मुख्याध्यापिकेला चूक सांगितली, भाचीचे दहा मार्क कापले. जागा ओफाला मिळाली. मग वर्गासमोर त्यांनी तिची माफी मागितली.

ओफा गोंधळली. "मला वाटलं सर, तो नियम होडीने येणाऱ्यांसाठीच आहे."

तिच्या स्वरात राग नव्हता. मागच्या बाकांवर होडीने येणारी बाकीची मुलं बसली होती. कुणालाच तिच्या बोलण्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही. मास्तर एकेकाचा चेहरा बघत, याचे मार्क कधी कापले होते, ते आठवू लागले.