दुसरी बाजू

मी एक जुनी रेकॉर्ड आहे, मित्रांनो. काळी, ताटाएवढी, मधोमध भोक असलेली. माझ्या अंगावरच्या बारीक रेघांत एका संध्याकाळची मैफल साठवलेली आहे. छोटंसं सभागृह, दाटीवाटीने बसलेली माणसं आणि मंचावर सोल-जाझ हे ठेकेदार पाश्चात्य संगीत वाजवणारे तिघे. सॅक्सोफोनवर त्यांचा एक मित्र होता. ऑर्गनवर थोरला भाऊ आणि ड्रमवर धाकटा. हे दोघे भाऊ दिवसा वडिलांच्या कारखान्यात सुतारकाम करत आणि काम संपलं की वाजवायला बसत.

त्या मैफलीत धाकट्याला एकट्याने वाजवायची मोठी जागा ठेवली होती. तो रंगात आला आणि नेमकी तेव्हाच घामेजल्या हातातून त्याची काठी निसटली. दुसरी काठी शोधायला तो वाकला, तोच ऑर्गन घुमू लागला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"माझी जागा खाल्लीस, दादा," मैफल संपल्यावर धाकटा म्हणाला.

थोरला मुळातच अबोल. "रेकॉर्ड निघाली की ऐक," एवढंच तो बोलला.

पुढे आम्ही रेकॉर्डी छापल्या गेलो. लोकांनी आम्हाला डोक्यावर घेतलं. माझ्या बहिणी घरोघरी वाजत होत्या, पण मी पडले धाकट्याच्या वाट्याला. त्याने मला पाकिटातून बाहेरसुद्धा काढलं नाही. जुन्या रजयांखाली मला ढकललं आणि कपाट लावून घेतलं. पुढे कारखान्याच्याही वाटण्या झाल्या. भावांचं बोलणं खुंटलं.

मित्रांनो, अंगात इतकं संगीत असून मुकं राहणं फार जड जातं. भिंतीपलीकडे कुणाच्या घरी गाणं लागलं की माझा जीव कासावीस व्हायचा. घरात मूल रडलं, मोठं झालं, सासरी गेलं. धाकट्याची बायको वारली. मग घर इतकं शांत झालं, की त्याचा एकट्याचा चमचा बशीवर वाजलेला मला कपाटात ऐकू यायचा.

अखेर लहान घरात जायचं ठरलं. सामान आवरायला आलेल्या लेकीला मी सापडले.

"बाबा, ही तर कोरी करकरीत आहे."

"राहू दे तिला."

लेकीने ऐकलं नाही. ती कुठूनशी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र घेऊन आली. पहिली बाजू धाकट्याने पाठ फिरवून ऐकली. दुसऱ्या बाजूला ती जागा आली. काठी पडल्याचा टक्क आवाज आला आणि त्याने मान खाली घातली.

पण ऑर्गनने वरचा सूर धरलाच नव्हता. थोरला ऑर्गनच्या पायाने दाबायच्या पट्ट्यांवर नुसता ताल घुमवत होता, वरची सगळी जागा मोकळी ठेवून. मायक्रोफोन त्याच्याजवळ होता, म्हणून त्याचं हलकं बोलणंही माझ्यात उतरलं होतं: "ये रे. सावकाश ये." मग ड्रम परतला, ऑर्गन मागे सरला आणि तेव्हा कुठे टाळ्या पडल्या.

"बाबा, काका थांबलेत तुमच्यासाठी," लेक म्हणाली.

"परत लाव," तो म्हणाला. आता तो यंत्राकडे तोंड करून बसला.

दुसऱ्या दिवशी मला आणि यंत्राला घेऊन तो भावाच्या दारात उभा राहिला. थोरला थकला होता. त्याने खुर्ची पुढे सरकवली.

"दादा, तू मला 'ये' म्हणाला होतास. तेव्हा ऐकूच आलं नाही मला."

"काय म्हणतोस?"

धाकट्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. थोरल्याने कानाकडे बोट करून मान हलवली. त्याला ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं.

धाकट्याने मग माझी दुसरी बाजू लावली आणि भावाचा हात धरून स्पीकरच्या लाकडी पेटीवर टेकवला. थोरला डोळे मिटून बसला. पेटीतली ड्रमची थरथर मध्येच थांबली, तसा तो म्हणाला, "इथे काठी पडली." धाकट्याने मान डोलावली आणि आपलाही हात त्या पेटीवर ठेवला.

आता मी थोरल्याकडेच असते. धाकटा येतो तेव्हा वाजते, एरवी गप्प असते. मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, आम्हाला उन्हात टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण एवढ्याने भागत नाही. कुणी तुम्हाला "ऐक" म्हणालं, तर त्याचं वेळेवर ऐका. नंतर सांगायला गेलात, तर ऐकायला त्याचे कान उरलेले नसतात.