भिंतीतला पिंपळ

प्रभुदास सर शाळेतून निवृत्त झाले, मिजाशीतून नाही. बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली, पोरांच्या वह्यांवर पोत्यानं सह्या केल्या, पण स्वतःचं नाव कधी कुठल्या भिंतीवर लागलं नाही. मग नगरच्या एका छोट्या संग्रहालयात वेंगुर्ल्याच्या डच वखारीचं जुनं चित्र आलं. त्यावर ना सही, ना साल. ते कधीचं हे सरांनी ठरवायचं आणि खालच्या पाटीवर ‘कालनिश्चिती : प्रभुदास सर’ असं छापायचं, असं तिथल्या निवेदिता मॅडमनी कबूल केलं. झालं! सर हरभऱ्याच्या झाडावर चढले.

महिनाभर भिंग घेऊन बसले. चित्रात तीनच बुरूज, चौथ्या कोपऱ्यात दगडांची रास. "चौथा अजून बांधतायत," सरांनी जाहीर केलं. "म्हणजे वखारीच्या अगदी सुरुवातीचं. सोळाशे पंचावन्न!"

पाटी छापायला जाणार, तेवढ्यात खिळा ठोकायला गोरक्षनाथ आला. जुन्या किल्ल्यांच्या भिंती दुरुस्त करणारा गवंडी, आणि पाथर्डीच्या शाळेतला सरांचाच विद्यार्थी. चित्र पाहून त्यानं हातोडी खाली ठेवली.

"सर, ह्यो बुरूज बांधत न्हाईत. पडलाय त्यो."

"तुला काय कळतं रे?"

"शेजारच्या भितीतून पिंपळ निघालाय बगा, मांडीएवढा. नव्या भितीत एवढा पिंपळ कुठला? पन्नास-साठ वर्सं लागत्यात. दरसाल उपटतो की मी असले."

सरांनी भिंग लावलं. खोड खरंच दगडांच्या सांध्यातून निघालं होतं. महिनाभर ते त्याला भिंतीमागचं झाड समजत होते.

"सहावीत मी आसाच काडला हुता," गोरक्षनाथ हसला. "तुमी भोपळा दिला. म्हनला, झाडं मातीत उगवत्यात, भितीत न्हाई."

मेल्याला नेमकं तेवढंच बरं आठवतं! सरांचे कान तापले. मॅडम बाहेर चहा सांगायला गेल्या होत्या. गप्प बसलं तर पाटी लागणार होती, गवंड्याला विचारतो कोण? फार लाज वाटली सरांना, आणि त्याहून जास्त राग आला. त्यांनी पाटीचा कच्चा कागद ओढला. १६५५ खोडून ‘१७०० नंतर, पडझडीच्या काळातलं’ असं लिहिलं. मग जरा थांबून स्वतःच्या नावावरही काट मारली.

"पूर्ण नाव सांग तुझं."

"कशाला, सर?"

"भोपळा परत घेतोय. सांग लवकर. आणि खिळा सरळ ठोक, तुझी रेघ तेव्हाही वाकडीच यायची."