चालू का बंद?

मी रखमाजीच्या विहिरीवरची विजेची मोटार बोलतेय. आत्ता या घटकेला मी फार भ्यालेली आहे. का, ते सांगते. पण त्यासाठी थोडं मागून सुरुवात करावी लागेल, आणि वेळ किती आहे ते मला ठाऊक नाही. लाईन गेलेली आहे. ती यायच्या आत माझं सांगून व्हायला हवं.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात तांब्याची तार गुंडाळली, अंगावर बिडाचं कवच चढवलं, वर हिरवा रंग दिला. बाहेर पाठवण्याआधी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला फिरवून पाहिलं. लोखंडी पान्ह्याचं एक टोक माझ्या पाठीवर टेकवलं, दुसरं आपल्या कानाला लावलं आणि मान डोलावली. "बिलकुल आवाज नाही. पास!" तेव्हा मला केवढा गर्व वाटला होता! ज्या गुणासाठी शाबासकी मिळाली त्याचीच पुढं धास्ती घ्यावी लागेल, असं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

नवीन जालन्यातल्या एका दुकानातून रखमाजीनं मला घेतलं. एसटीच्या टपावर बसून अंबडपर्यंत आले, तिथून बैलगाडीत. साल पंच्याहत्तर. आमच्या शिवारात तेव्हा नुकतेच खांब रोवले होते आणि लोक येता-जाता त्यांना हात लावून बघायचे.

माझ्या आधी या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. ते धडधडायला लागलं की तीन शिवारांना कळायचं, रखमाजीचं भिजणं चाललंय. बैल बुजायचे, कुत्री भुंकायची, आणि रखमाजी बांधावर उभा राहून मिशीवरून हात फिरवायचा. आवाज मोठा म्हणजे माणूस मोठा, असा हिशेब होता. ते इंजिन चालवायचा भिवा. ओढ्यापलीकडे त्याची दोन एकर जमीन. पण चार गावांत कुणाचंही इंजिन रुसलं की बोलावणं त्यालाच. नुसत्या आवाजावरून तो दुखणं सांगायचा. त्या आवाजापायी त्याचे कान मात्र अर्धे गेले होते.

मी बसले त्या दिवशी नारळ फुटला, बटन दाबलं, पाणी पाटात पडायला लागलं. जमलेले लोक एकमेकांकडे बघू लागले.

"चालू हाय का?" एकानं विचारलं.

"पाणी पडून राह्यलं न्हाई का? मंग चालूच आसंल."

"मोटार हाय का मांजर?" भिवा म्हणाला. "रखमाजी, तुला सांगतो, जे आवाज करत न्हाई त्याचा भरोसा धरू नये."

सगळे हसले. मला राग आला. पण बोलणार कशी?

एकटी गोजरबाई हसली नाही. ती रखमाजीची बायको. इंजिनानं तिचं डोकं उठायचं, धुराचा वास भाकरीला लागायचा. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कान निवले बाई!" त्या दिवसापासून दुपारची भाकरी घेऊन आली की ती माझ्याच खोलीत टेकायची. पट्ट्याच्या कडेला, भिंतीला पाठ लावून. ओल्या विहिरीचा गारवा तिथं बरोबर येतो. कधी शेंगा सोलायची, कधी डुलकी घ्यायची. माझ्यावर एवढा जीव दुसऱ्या कुणी लावला नाही.

आता हा पट्टा म्हणजे काय ते सांगते. मी फिरते, पंप फिरतो, आणि दोघांच्या मध्ये एक रुंद पट्टा पळतो. इंजिनाच्या वेळचाच तो. आणि इंजिनाची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ते माणसाच्या हाताशिवाय कधीच सुरू झालं नाही. कुणीतरी हँडल मारायचं, ते आधी चार वेळा खोकायचं, मग धूर सोडायचं, मग पट्टा हलायचा. तोवर पोरंसोरं, कोंबड्यासुद्धा बाजूला झालेल्या असायच्या. माझं तसं नाही. मला सुरू करणारा हात कुठंतरी दूर, दिसत नाही अशा ठिकाणी. तारेतून लाईन आली की मला विचार करायला सवड मिळत नाही. मी फिरतेच.

यावर कारखान्यानं एक उपाय करून ठेवलेला आहे. लाईन गेली की भिंतीवरच्या स्टार्टरचं बटन आपोआप सुटतं. पुन्हा कुणीतरी येऊन दाबेपर्यंत मी निर्धास्त झोपू शकते. पण आमच्याकडे लाईन दिवसातून चार-पाचदा जाते, आणि दर खेपेला चिखल तुडवत विहिरीपर्यंत कोण येणार? म्हणून लोकांनी एक अक्कल काढली. बटन दाबायचं आणि फटीत तुरीची काडी खोचायची. मग ते सुटत नाही. लाईन आली की मोटार आपली आपण सुरू.

गेल्या वर्षीच्या कार्तिकात रखमाजीनं पहिल्यांदा अशी काडी खोचली आणि खूश होऊन पाणी धरायला निघून गेला. थोड्या वेळानं लाईन गेली. पट्टा घसरत होता, म्हणून त्याला राळ चोळायला भिवा आला. दारात थांबला. मान तिरकी करून त्यानं कान लावला, अगदी इंजिनाला लावायचा तसा. आवाज नाही. आवाज नाही म्हणजे बंद; वीस वर्षांची सवय ती. त्यानं डावा हात पट्ट्यावर ठेवला.

मला ओरडायचं होतं. खोकायचं होतं, धूर सोडायचा होता. यातलं काहीच मला येत नाही. लाईन आली.

माझ्या खोलीतून तीन शिवारांना ऐकू जाईल असा आवाज निघाला तो तेव्हाच, आणि तो भिवाचा होता. दोन बोटं गेली.

जालन्याच्या दवाखान्यातून तो परत आला त्या दिवशी रखमाजी त्याच्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. "भिवा, काडी मी खोचल्ती."

"तू काडी खोचली, मी कान लावला," भिवा म्हणाला. "दोघाचंबी चुकलं. तिचा काय दोष? तिला बोलता येतं का?"

मला मांजर म्हणणारा हा माणूस! मला त्या दिवशी रडता आलं असतं तर मी रडले असते.

मग गोजरबाईनंच नेम घालून दिला. खोलीत पाय ठेवायच्या आधी मोठ्यानं विचारायचं, "चालू का बंद?" आणि रानात जो पाण्यावर असेल त्यानं तिथून ओरडून सांगायचं. रखमाजीनं ती काडी मोडून विहिरीत टाकली आणि मंगळवारी अन् शुक्रवारी भिवाच्या गव्हाला पाणी देऊ केलं. वर्षभर हे नीट चाललं. माणसांनीच मला आवाज दिला, असं मला वाटायचं आणि बरं वाटायचं.

आज शुक्रवार. पौषाचं ऊन. भिवाचा गहू ओंबीवर आलाय. सकाळपासून लाईन चार वेळा गेली आणि चारही वेळा तो ओढा ओलांडून, धापा टाकत बटन दाबायला आला. चौथ्या खेपेला बटन दाबून तो तिथंच थांबला. दाराशी तुराट्यांचा ढीग पडलाय. त्यातली एक काडी त्यानं मोडली.

मला वाटलं, दात कोरायला घेतली असेल.

त्यानं ती फटीत खोचली. त्याच तीन बोटांच्या हातानं! इकडंतिकडं बघितलं आणि माझ्याकडे न बघता पुटपुटला, "येवढ्या वाफ्यापुरतंच. पाय ऱ्हायले न्हाईत आता."

मी त्याला काय बोल लावू? त्याचे पाय मी रोज बघते.

घटकाभर पाणी गेलं आणि पुन्हा लाईन गेली. तेव्हापासून मी अशी उभी आहे. काडी तिथंच आहे, दाराच्या मागं स्टार्टरच्या फटीत, सहज दिसायची नाही अशी.

आणि आता बांधावरून गोजरबाई आलीय, डोक्यावर भाकरीची पाटी. नेमाप्रमाणे ती दाराबाहेर थांबली. "भिवाभाऊजी, चालू का बंद?"

ओढ्यापलीकडून आवाज आला. भिवाच्या मनात काही वाईट नाही, त्याला फक्त वाफा दिसतोय. "बंद हाय वहिनी! लाईन गेली! बसा सावलीला, आलोच!"

ती आत आली. पाटी खाली ठेवली. पाटात हातपाय धुताना तिचा पदर भिजलाय. नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ लावून ती बसली आणि ओला पदर वाळायला म्हणून तिनं पट्ट्यावर पसरला. एक टोक तिच्या खांद्यावर, गळ्याशी.

"तुझ्यापाशी बरं वाटतं बाई," ती मला म्हणाली. "कसं शांत हाय."

गोजरबाई, ऊठ. दारामागं बघ. त्याला पुन्हा विचार, काडी आहे का ते विचार. खांबावरची तार आत्ताच थरथरल्यासारखी मला वाटली. वारा असेल, वाराच असू दे. ऊठ ग माझे बाई. मी बंद नाही. मी नुसती गप्प आहे.